इंटिजर, लाँग, लाँगलाँग: मोरबे धरण एका डब्यात मावेल का?

आजचा भाग एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी, म्हणजे व्हीबीएवाल्यांसाठी. ही बेसिक भाषेच्याच घरातली. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या ऑफिसांतून मला एकच प्रश्न सारखा येतो: "मॅक्रो काल चालत होता, आज 'ओव्हरफ्लो' म्हणतो. असं का?"

उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. खालापूरचं मोरबे धरण घ्या. धावरी नदीवरचं, नवी मुंबईला पाणी देणारं. साठवण क्षमता १९०.८९ दशलक्ष घनमीटर. आता हा आकडा मॅक्रोत ठेवायचाय. कुठल्या डब्यात ठेवाल?

पहिला डबा, इंटिजर. १६ बिटांचा, ३२,७६७ पर्यंतच. एक्सेलच्या एका शीटमध्येच १०,४८,५७६ ओळी असतात, त्यामुळे ओळी मोजायलाही हा पुरत नाही.

दुसरा, लाँग. ३२ बिटांचा, २,१४,७४,८३,६४७ पर्यंत, म्हणजे साधारण २१४ कोटी. धरण घनमीटरमध्ये १९ कोटींच्या आसपास, आरामात बसलं. पण लिटरमध्ये मांडा. एका घनमीटरचे हजार लिटर, म्हणजे १९,०८९ कोटी. लाँग भरून वाहिला! एरर नंबर ६, ओव्हरफ्लो.

आता "काल चालत होता"चं कोडं. समजा रोज ४५ कोटी लिटर पाणी सोडलं. चार दिवसांचे १८० कोटी, लाँगमध्ये मावतात. पाचव्या दिवशी २२५ कोटी, आणि मॅक्रो आडवा. कोड तोच, फक्त आकडा वाढला.

तिसरा डबा, लाँगलाँग. ६४ बिटांचा, तब्बल १९ अंकी आकडा ठेवतो. अट एकच: ऑफिस ६४-बिट हवं. ३२-बिटवर हा प्रकार ओळखलाच जात नाही.

इथे एक मेख आहे, नीट ऐका. उत्तराचा डबा लाँगलाँग केला तरी ४५ कोटी गुणिले ५ पुन्हा आपटतं. कारण गुणाकार आधी होतो, तो लाँगमध्येच होतो, आणि उत्तर डब्यापर्यंत पोचतच नाही. उपाय सोपा: ४५ कोटींच्या आकड्यामागे ^ हे चिन्ह लावा. मग गुणाकारच ६४ बिटांत होतो. ३२-बिट ऑफिस असेल तर # लावा, म्हणजे डबल. हाही मोठा डबा, पण पूर्णांक साधारण १५ अंकांपर्यंतच नेमका धरतो. पैशांसाठी करन्सी हा प्रकार वापरा, तो चार दशांश स्थळं अचूक सांभाळतो.

अजून एक. व्हीबी डॉट नेटमध्ये इंटिजर ३२ बिटांचा आणि लाँग ६४ बिटांचा असतो. नावं तीच, मापं वेगळी. तिकडचा कोड जसाच्या तसा इकडे चिकटवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा दहा अंकी मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे तो लाँगमध्ये मावतच नाही. तिथे निदान एरर तरी येते. सोळा अंकी बँक खातं सेलमध्ये आकडा म्हणून टाइप केलंत, तर एक्सेल पंधरा अंक ठेवतं आणि शेवटचा गुपचूप शून्य करतं. आवाज नाही, इशारा नाही. बचत गटाच्या यादीत असं झालं, तर कुणाचा तरी हप्ता अडकला म्हणून समजा.

म्हणून माझा नियम: ज्याची बेरीज करायची तो आकडा. मोबाइल, आधार, खातं यांची बेरीज कुणी करतं का? मग ते मजकूर म्हणूनच ठेवा.

आज घरी एक करा. तुमच्या मॅक्रोत जिथे 'इंटिजर' दिसेल, तिथे पुढच्या वर्षीचा आकडा मावेल का, एवढं तपासा. भेटू पुढच्या भागात!