द्राक्षांचे वजन आणि रस्त्यांचा हिशेब

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला निघाले, की मरीननंतर सोनोमा काउंटी लागते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. कारभार पाहायला पाच निवडून आलेले पर्यवेक्षक असतात. सुमारे 60 हजार एकर द्राक्षबागा आणि चारशेहून अधिक वायनरी असलेल्या या भागाचे नाशिकशीही नाते आहे. नाशिकच्या ‘सुला’ वायनरीच्या उभारणीत तिचे संस्थापक राजीव सामंत यांना साथ देणारे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की याच काउंटीतल्या गायझरव्हिलचे. अशा सधन मुलुखातले ग्रामीण रस्ते मात्र सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या ‘बे एरिया’तल्या नऊ काउंट्यांच्या गुणपत्रिकेत वर्षानुवर्षे तळाशी राहिले. वाइनच्या बाटलीला शंभर डॉलर मोजणारा पाहुणा ती चाखायला जातो तो खड्ड्यांतून. प्रशासनाचा ढिसाळपणा हे त्याचे सोपे उत्तर झाले. मला ते पुरेसे वाटत नाही. रस्त्यांसाठीचा पैसा वाहनांच्या आणि माणसांच्या संख्येमागे जातो, रस्त्यांची झीज मात्र वजन आणि पाणी यांमुळे होते, आणि द्राक्षाच्या ग्रामीण प्रदेशात या दोन गोष्टींची गाठ क्वचितच पडते. दुखण्याचे मूळ तिथे आहे.

काउंटीच्या मधोमध 101 क्रमांकाचा महामार्ग जातो. तो राज्याचा. त्याच्या रुंदीकरणासाठी सोनोमाच्या मतदारांनी 2004 साली ‘मेझर एम’ हा प्रस्ताव मंजूर करून स्वतःवर पाव टक्का विक्रीकर लादून घेतला आणि त्यातला 40 टक्के हिस्सा या एका महामार्गाला दिला. दोन्ही दिशांना तिसरी मार्गिका झाली, पेटालुमा ते विंडसर प्रवास सुधारला. काम गरजेचे होते, यात शंका नाही. पण द्राक्षे 101 वर पिकत नाहीत. ती ड्राय क्रीक, वेस्टसाइड रोड, अलेक्झांडर व्हॅली अशा आडरस्त्यांच्या कडेला पिकतात, आणि काउंटीच्या ताब्यात असे जवळपास 1,370 मैल, म्हणजे सुमारे 2,200 किलोमीटर रस्ते आहेत. त्यातले कित्येक मूळचे बैलगाडी-घोडागाडीच्या काळातले शेतरस्ते. वाहतूक वाढली तसा त्यांच्यावर डांबराचा थर चढत गेला. खालचे खडीकरण कुणी उकरून नव्याने भरले नाही.

रस्ता नेमका कशाने खराब होतो, याचा सर्वात मोठा प्रयोग अमेरिकेनेच 1958 ते 1960 या काळात इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ केला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरतात: आसावरचे वजन दुप्पट झाले, तर रस्त्याची हानी दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. एका टनाच्या आसाची मोटार आणि आठ टनांच्या आसाचा ट्रक यांची तुलना केली, तर ट्रकच्या एका आसाची फेरी मोटारीच्या एका आसाच्या चार हजार फेऱ्यांच्या तोडीची ठरते. शनिवार-रविवारी वाइन चाखायला येणाऱ्या पर्यटकांच्या मोटारी डोळ्यांत भरतात, गावकरी त्यांच्या नावाने बोटे मोडतात, पण डांबराच्या लेखी त्या जवळजवळ नसल्यासारख्याच. खरे काम करतात ते ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतचे सुगीचे ट्रक. साधारण वर्षी दोन लाख टनांच्या आसपास द्राक्षे निघतात. गारव्यात फळ टिकावे म्हणून तोडणी बहुधा रात्री होते आणि पहाटे भरलेले ट्रक अरुंद रस्त्यांवर उतरतात. त्यात रस्ता अरुंद, म्हणून चाके कडेवरून जातात. जिथे आधार सर्वात कमी, तिथेच भार सर्वात जास्त पडतो. साइडपट्टी खचते आणि डांबर कडेकडेने तुटत आत येते.

उरलेले काम पाणी करते. इथला पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. सखल भागांत चिकणमाती आहे, आपल्या काळ्या मातीसारखी फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. सुगीत पडलेल्या बारीक चिरांतून नोव्हेंबरनंतर पाणी आत झिरपते, खालचा भराव मऊ पडतो आणि फेब्रुवारीपर्यंत चिरेचा खड्डा झालेला असतो. फेब्रुवारी 2019 मध्ये रशियन नदीला पूर येऊन गर्नव्हिलला पाणी 45 फुटांवर पोचले, तेव्हा नदीकाठचे रस्तेच पाण्याखाली गेले. पण असे पूर अधूनमधून येतात. तुंबलेला चर आणि बुजलेली मोरी दरवर्षी असते. रस्त्याच्या देखभालीत डांबराइतकेच महत्त्व गटारे साफ ठेवण्याला आहे, हे सांगून कुणी निवडणूक जिंकत नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणूनच कोणता रस्ता आधी दुरुस्त करायचा हा प्रश्न कळीचा होतो. अमेरिकेत रस्त्याच्या पृष्ठभागाला शून्य ते शंभर गुण देतात. सत्तर-ऐंशी गुणांचा रस्ता डांबर आणि बारीक खडीच्या पातळ थराने काही वर्षे तगवता येतो. गुण साठाच्या खाली गेले की घसरण वेगाने होते, आणि मग तळापासून उकरून पुन्हा बांधण्याचा खर्च वेळेवरच्या देखभालीच्या पाच ते दहापट होतो. छपराचे फुटके कौल वेळीच बदलले तर वासे वाचतात, तसेच हे. तरीही लोकांची मागणी उलटी असते: सर्वात वाईट रस्ता आधी करा. ती न्याय्य वाटते, कारण ज्याच्या दारातला रस्ता उखडला आहे त्याने चांगल्या रस्त्यावर यंत्रे चाललेली का पाहावीत? पण या न्यायाने चालणारी काउंटी एक मैल नव्याने बांधेपर्यंत पाच-दहा मैल हातचे घालवते. उखडलेल्या रस्त्याच्या रहिवाशाला हे उघडपणे, नकाशा आणि वर्ष दाखवून सांगितले पाहिजे. गप्प राहून त्याला ताटकळत ठेवणे मात्र समर्थनीय नाही.

आता पैशाकडे येऊ. कॅलिफोर्नियात पेट्रोलवरचा राज्याचा मूळ कर 1994 पासून गॅलनला 18 सेंटवर गोठला होता. डांबर, मजुरी, सगळे महागले, कर जागचा हलला नाही. 2017 च्या ‘एसबी 1’ कायद्याने तो 12 सेंटांनी आणि डिझेलवरचा 20 सेंटांनी वाढवला. पुढच्याच वर्षी ही वाढ रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. मात्र काउंट्यांच्या वाट्याचा पैसा मुख्यतः नोंदणीकृत वाहनांच्या प्रमाणात जातो: तीन चतुर्थांश वाहनांवर, एक चतुर्थांश रस्त्यांच्या लांबीवर. दाट वस्तीच्या काउंटीला हे सूत्र मानवते. लांब रस्ते आणि विरळ वस्ती असलेल्या काउंटीला नाही. आणि आसावरच्या वजनाला तर या सूत्रात जागाच नाही.

यावर पहिला आक्षेप: ट्रक वायनरींचे, मग खर्च वायनरींनीच सोसावा. त्यात तथ्य आहे. नव्या बांधकामांकडून वाहतूक-शुल्क घेतलेही जाते. पण याच रस्त्यांवरून दुधाचे टँकर, लाकडाचे आणि खडीचे ट्रक, कचरागाड्या धावतात. शिवाय अनेक बागायतदार स्वतः वाइन बनवत नाहीत, फळ विकतात. एकट्या वायनरीवर बोजा टाकला, तर कचरागाडीची झीज द्राक्षाच्या खात्यावर पडेल. वजनाप्रमाणे आकारणी करायची तर सर्वच जड वाहनांवर करावी, आणि ती जमा स्थानिक रस्त्यांना मिळावी. दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे: फारसे न वापरले जाणारे रस्ते सोडून द्यावेत, मुरूम-खडीचे होऊ द्यावेत. हिशेबाने हे बरोबर दिसते. पण खडीच्या रस्त्याची धूळ वेलींवर बसली की लाल कोळी वाढतो, म्हणजे वाचवलेला पैसा औषधफवारणीत जातो. त्याहून मोठी गोष्ट वणव्याची. ऑक्टोबर 2019 मधल्या किनकेड वणव्यात पावणेदोन लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. एरवी दिवसाला चार गाड्यांचा असलेला डोंगरातला रस्ता अशा रात्री बाहेर पडण्याची एकमेव वाट असू शकतो. वाहने मोजून त्याची किंमत ठरवता येत नाही.

मतदारांना हे समजत नाही, असे म्हणणे सोयीचे आहे. सोनोमाचा अनुभव वेगळा आहे. 2015 मध्ये काउंटीने रस्त्यांचे नाव घेऊन पाव टक्का विक्रीकराचा प्रस्ताव आणला, पण तो सर्वसाधारण कर होता. पैसा रस्त्यांवरच खर्च होईल असे कायद्याचे बंधन नव्हते. साधे बहुमत पुरेसे असूनही तो दणकून आपटला. 2020 मध्ये ‘मेझर डीडी’ने जुन्या ‘मेझर एम’ची मुदत वीस वर्षांनी वाढवताना पैसा कशावर जाणार ते लिहून दिले, आणि दोन तृतीयांशांची कठीण अट असतानाही तो मंजूर झाला. या वेळी सर्वात मोठा वाटा, सुमारे 38 टक्के, होता तेच रस्ते राखण्यासाठी ठेवला गेला. 2004 मध्ये हा मान महामार्गाच्या रुंदीकरणाला होता. ‘मेझर एम’मधला रस्तेदुरुस्तीचा पैसा शहरे आणि काउंटी यांच्यात निम्मा लोकसंख्येवर आणि निम्मा रस्त्यांच्या लांबीवर वाटला जात आला आहे. राज्याच्या सूत्रापेक्षा ग्रामीण भागाला हे अधिक रास्त आहे. वजन अजूनही कुठल्याच सूत्रात नाही, आणि विजेवरची, तेलाचा कर न भरणारी पण बॅटरीमुळे जड असलेली वाहने वाढत जातील तशी ही उणीव अधिक महाग पडेल. 2020 आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या विजेच्या गाड्यांवर राज्याने वर्षाला शंभर डॉलरचे शुल्क ठरवले. पण ते हलक्या छोट्या गाडीला आणि अडीच टनांच्या गाडीला सारखेच आहे.