लॉगिन चाललं म्हणजे प्रोजेक्ट झाला?

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कॉलेजांत बीसीए, एमसीए करताय तर पीएचपीतला एखादा प्रोजेक्ट तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता मोठी. समजा, केळीच्या व्यापाऱ्याचं ऑनलाइन खातं बनवलं. झॅम्प सुरू, लॉगिन ओके... की आपण म्हणतो, ‘झालं भो!’ व्हायव्हाही निघून जाते. पण उद्या एखाद्या खऱ्या व्यापाऱ्यानं हेच सॉफ्टवेअर मागितलं तर? त्यात शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर असतील, हिशेब असतील. मग आधी एवढं तपासा.

लॉगिन करून स्वतःचं बिल उघडा. अ‍ॅड्रेसबारमध्ये आयडी १०१ दिसतोय? तिथे १०२ टाका. दुसऱ्याचं बिल उघडलं, तर घोळ आहे. लॉगिनमुळे फक्त ‘तुम्ही कोण’ हे कळतं. ‘हे बिल तुमचंच आहे का’ हे वेगळं तपासावं लागतं. म्हणून क्वेरीत बिल नंबरसोबत सेशनमधला युजर आयडीही घ्या.

आता युजरनेमच्या चौकटीत एकच अवतरणचिन्ह टाका. डेटाबेसची एरर आली, तर तुमची क्वेरी बाहेरच्या माणसाच्या हातात गेलीच म्हणून समजा. पीडीओचं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. सीनियरच्या जुन्या कोडमधली मायएसक्यूएल फंक्शन्स तर २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये काढूनच टाकली आहेत. पासवर्डसाठी एमडी५ नको. २०१३ पासून पीएचपीतच ‘पासवर्ड हॅश’ फंक्शन आहे.

खरी गंमत पुढे आहे. प्रोजेक्टमध्ये ४० फाइली, म्हणजे ४० दारं. एका फाइलीत सेशन तपासायचं राहिलं, की ते दार उघडं! त्यापेक्षा मार्केट यार्डासारखं एकच गेट ठेवा. सगळ्या रिक्वेस्ट एका इंडेक्स फाइलीतून जाऊ द्या, कोणता पत्ता कुठे जाणार याची यादी एका जागी ठेवा आणि लॉगिनची तपासणीही तिथेच करा. यालाच राउटिंग म्हणतात. पब्लिक फोल्डरमध्ये ही इंडेक्स फाइल, सीएसएस आणि फोटो, एवढंच. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल त्याच्या बाहेर. क्वेरी एकीकडे, एचटीएमएल दुसरीकडे.

रासमुस लर्डॉर्फनं १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपेजसाठी पीएचपी सुरू केली. एचटीएमएलमध्येच कोड मिसळायची मोकळीक ती देते. एका पानाला ते चालतं. ४० पानांना नाही.

आणि हो, हे प्रयोग स्वतःच्या लॅपटॉपवरच करायचे. दुसऱ्याच्या साइटवर केलेत, तर आयटी कायदा आहे. शिवाय लोकांचा डेटा सांभाळण्यासाठी २०२३ चा वेगळा कायदाही आलाय.

कायदा राहू द्या बाजूला. यादीतला १०२ नंबरचा शेतकरी तुमचे बाबा असले तर? एवढा विचार करून आज रात्री तो आयडी बदलून बघाच.