एकट्याचे औषध म्हणजे अर्धे औषध



ऊस विकास विभागाच्या पानात बेणे, खत आणि पाणी यांचीच चर्चा असते. या वेळी आम्ही गुप्तरोगांबद्दल लिहीत आहोत. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून हा विषय मराठीत उघडपणे मांडला. आपण मात्र अजून कुजबुजतोच.

काणी रोग आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. आपल्या वावरातली काणीची बेटे उपटून जाळली, पण बांधापलीकडच्या शेजाऱ्याला सांगितलेच नाही, तर त्याच्या फडातली काळी पूड वाऱ्याबरोबर परत आपल्याकडे येते. गुप्तरोगाचेही तसेच. एकाने औषध घेतले आणि जोडीदार तसाच राहिला, की थोड्याच दिवसांत रोग पुन्हा दारात हजर. मग माणूस डॉक्टरला बोल लावतो. औषधाने आपले काम केलेले असते, पण ते दोघांपैकी एकानेच घेतलेले असते.

साखरेच्या गाड्या घेऊन आपली पोरे न्हावा-शेवाच्या बंदराकडे जातात. १९८९ साली हे बंदर सुरू झाल्यापासून मोरा, उरण, पनवेल, कळंबोली हा पट्टा ट्रकवाल्यांच्या मुक्कामाचा झाला आहे. नंबर लागेपर्यंत थांबावे लागते. त्यात कुणाचा पाय घसरला, तर तो तिथेच कुठेतरी सुई टोचून घेतो, बरा होतो आणि घरी येऊन चकार शब्द बोलत नाही. यात मोऱ्याला किंवा उरणला नावे ठेवण्याचे कारण नाही. असा मुक्काम मुंबईत पडतो, पुण्यात पडतो आणि आपल्या शिवारातही पडतो.

नुकसान होते ते घरच्या बाईचे. परमा किंवा क्लॅमिडिया हे रोग बाईच्या अंगात पुष्कळदा काहीही लक्षण न दाखवता राहतात. ते वर चढले की ओटीपोटाचे दुखणे जडते, गर्भनलिका बंद होऊन दिवस राहीनासे होतात, आणि वांझ म्हणून बोल तिलाच बसतो. गरमी, म्हणजे उपदंश, गरोदर बाईला असला तर तो पोटातल्या बाळाला लागतो. मूल मेलेलेही जन्मू शकते. वेळेवर कळले तर पेनिसिलीनच्या इंजेक्शनाने आई आणि बाळ दोघेही वाचतात.

२०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. या सगळ्यांना गुप्तरोग होता असे मुळीच नाही. पण अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायका त्यांत होत्या. अशा बऱ्याच तक्रारी वेळेवर तपासणी केली तर गोळ्यांनी बऱ्या होतात. मात्र प्रत्येक पांढरे जाणे नवऱ्याकडूनच आलेले असते असेही नाही. तेव्हा तपासणीआधी कुणी कुणावर आळ घेऊ नये.

आता सांगायचे कसे ते पाहू.

१. आधी स्वतःची तपासणी करावी. शासकीय रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध मोफत मिळते आणि नाव गुप्त राहते.

२. गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सर्वांना कळवावे. उपदंशात याहूनही मागे जावे लागते. ते किती, हे डॉक्टर सांगतील.

३. घरात निवांत वेळ पाहून सरळ बोलावे. "मला एक रोग झालाय, औषध चालू आहे. तो तुलाही लागला असेल, उद्या दोघं दवाखान्यात जाऊ." एवढे पुरे. भांडण पुढे कधीही करता येते, औषधाला उशीर नको.

४. तोंडाने बोलवत नसेल तर डॉक्टरांकडून किंवा समुपदेशकाकडून जोडीदारासाठी चिठ्ठी मागावी.

५. दोघांचे औषध पुरे होऊन डॉक्टर सांगेपर्यंत, निदान सात दिवस तरी, संबंध ठेवू नये. पुढे निरोध वापरावा. आपल्या गोळ्यांतल्या निम्म्या दुसऱ्याला देऊ नयेत, त्याने दोघांचेही औषध अर्धवट होते.

एचआयव्हीसाठी २०१७ सालचा कायदा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती कुणाला देता येत नाही. जोडीदाराला मोठा धोका असेल आणि समजावूनही रुग्ण सांगत नसेल, तरच डॉक्टर किंवा समुपदेशक त्या रुग्णाला आधी कळवून जोडीदाराला सांगू शकतात. सांगितल्याने बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर मात्र सांगू नये, असेही कायदा म्हणतो. ही भीती कुठल्याही गुप्तरोगात असू शकते. अशा बहिणींनी एकटीने बोलायला जाऊ नये, आधी समुपदेशकाला गाठावे. १०९७ या नंबरावर फोन फुकट लागतो आणि नाव सांगावे लागत नाही.

हंगाम सुरू होताना मुकादम, गाडीमालक आणि सभासद यांनी एवढे करावे: आपल्या टोळीतल्या किंवा गाडीवरच्या माणसाने दवाखान्यात जायला रजा मागितली तर कारण न विचारता द्यावी, आणि नवरा-बायको दोघांनाही द्यावी. त्या दिवसाची हजेरीही कापू नये.