ओहोटीच्या वेळापत्रकावर: शियामेन विद्यापीठातला एक दिवस

पहाटे साडेपाच. उधाणाच्या दिवसांत चीनमधल्या शियामेनच्या खाडीत भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी पहाटे नि संध्याकाळी सहाच्या आसपास. भरती-ओहोटीतला फरक सरासरी चार मीटर, म्हणजे पाणी ओसरलं की वाळूचे पट्टेच्या पट्टे उघडे पडतात. समुद्रजीवशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा दिवस म्हणून घड्याळाआधी भरतीच्या तक्त्याने ठरतो. गमबूट, फावडं, चाळणी, झाकणाचे डबे एवढा सरंजाम घेऊन ती विद्यापीठाच्या शियांगआन संकुलातून निघते.

सहा. लिउवुदियनचा किनारा. ती शोधते आहे ॲम्फिऑक्सस. आपल्याकडे जीवशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने त्याची आकृती वहीत काढलेली असते. चार-पाच सेंटीमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळता, अर्धपारदर्शक जीव. त्याला डोकं असं वेगळं नाही, कणा नाही, पण पाठीतून पृष्ठरज्जू जातो. कण्याच्या प्राण्यांची सुरुवात कशी झाली असेल हे समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक त्याच्याकडे जातात. तो भरड, स्वच्छ वाळूत अंग पुरून फक्त तोंड वर ठेवतो. चाळणी पाण्यात हलवली की वाळू खाली जाते आणि जाळीवर शिंपल्यांच्या चुऱ्यात काहीतरी चपळाईने वळवळतं. एक-एक मोजायचा, लांबी नोंदवायची, परत वाळूत सोडायचा. चीनमध्ये तो दुसऱ्या दर्जाचा राष्ट्रीय संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

1923 साली, विद्यापीठ जेमतेम दोन वर्षांचं असताना, इथे प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या लाइट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने ‘सायन्स’ नियतकालिकात याच किनाऱ्याबद्दल लिहिलं. इतरत्र प्रयोगशाळेत नमुना म्हणून जपला जाणारा हा जीव इथले शेकडो कोळी होड्या भरून पकडत होते आणि बाजारात खाण्यासाठी विकत होते. विद्यापीठाचं नाव जगाच्या शास्त्रीय नकाशावर आलं ते असं, दारच्या वाळूतून.

ती मासेमारी आज नाही. 1950च्या दशकात शियामेन बेट आणि मुख्य भूमी यांना जोडणारा दगडी बांध झाला. खाडीतले प्रवाह बदलले, वाळूवर गाळ बसू लागला आणि गाळात ॲम्फिऑक्सस जगत नाही. पुढे खाडी बुजवण्याची आणखी कामं झाली. त्या बांधाचा आग्रह धरणाऱ्यांत विद्यापीठाचे संस्थापक तान का की स्वतः होते. बेटावर लोकांना होडीशिवाय जाता यावं हा त्यांचा हेतू स्वच्छ होता आणि त्या काळी या परिणामाचा हिशेब कुणी मांडलेलाही नव्हता. तो हिशेब आज त्यांच्याच विद्यापीठातली मुलं चाळणीने मांडताहेत, आणि किनाऱ्यावरच्या विद्यापीठाचं हेच पहिलं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

आठ. पहिला तास. बुटातली वाळू झटकून ती पदवीच्या मुलांच्या प्रात्यक्षिकाला हजर. 1946 साली चीनमधला पहिला समुद्रविज्ञान विभाग याच विद्यापीठात निघाला, तेव्हा विषय इथे घरचाच.

पावणेबारा. खानावळ. भात फुकट, पैसे फक्त भाजी-आमटी-मासळीचे. खिशात कमी पैसे असलेल्या मुलाला कुणापुढे काही सांगावं लागत नाही. ताट पुढे करायचं, बस्स. मला या विद्यापीठाच्या कुठल्याही मानांकनापेक्षा या भाताचं मोल जास्त वाटतं. मग दुपारची झोप. दक्षिण चीनच्या उकाड्यात तिला कुणी आळस म्हणत नाही.

अडीच. प्रयोगशाळा. सकाळी आणलेलं पाणी काचतंतूंच्या गोल गाळणकागदातून ओढलं जातं. लिटरभर पाणी उतरलं की पांढऱ्या कागदावर फिकट हिरवट-तपकिरी ठसा उरतो, तो म्हणजे त्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती. कागद चिमट्याने दुमडायचा, चांदीच्या कागदात गुंडाळायचा, वर तारीख नि ठिकाण लिहून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये. वाळूचे नमुने वेगळ्या चाळण्यांतून जातात, कणाची जाडी मोजली जाते. गाळ किती वाढला, किती हटला, ते इथे आकड्यांत उतरतं. अलीकडे जुन्या बांधाचा एक भाग काढून प्रवाहाला वाट करून दिली आहे, त्यामुळे या आकड्यांकडे सगळ्यांचं लक्ष. दूरच्या समुद्रासाठी 2017पासून विद्यापीठाचं स्वतःचं संशोधन जहाज आहे, ‘तान का की’ याच नावाचं.

साडेपाच. बस जुन्या, सिमिंग संकुलाकडे निघते, समुद्राखालून. 2010 साली खुला झालेला शियांगआनचा बोगदा हा मुख्य चीनमधला समुद्राखालचा पहिला रस्ता.

सव्वासहा. मे महिना, आणि जुन्या संकुलात गुलमोहर पेटलेला. हा शियामेनचा शहरवृक्ष. पदवीदानाच्या दिवसांत मुलं त्याच्याखाली फोटो काढतात. एका अंगाला नानपुतुओ मंदिर, दुसऱ्या अंगाला बायचंगची पुळण. इमारतींचं अंग पाश्चात्त्य दगडी बांधणीचं आणि माथ्यावर फुजियानची वळणदार कौलारू छपरं.

हे सगळं उभं केलं ते जिमेई गावच्या एका मुलाने. तान का की सतराव्या वर्षी सिंगापूरला गेले, अननस आणि रबर यांत श्रीमंत झाले. 1919 साली त्यांनी चाळीस लाख चांदीच्या डॉलरांचा शब्द दिला: दहा लाख उभारणीला, तीस लाख बारा वर्षांच्या खर्चाला. जागतिक मंदीत धंदा बुडाला, 1934 साली कंपनी गुंडाळावी लागली, तरी पैसे पोचत राहिले. अखेर 1937 साली त्यांनी विद्यापीठ विनाअट सरकारच्या स्वाधीन केलं. त्याच वर्षी जपानशी युद्ध पेटलं आणि कुलगुरू सा बनतुंग यांनी अख्खं विद्यापीठ डोंगरातल्या छांगतिंगला हलवलं. तान यांनी बांधलेल्या एकाही इमारतीला स्वतःचं नाव लावू दिलं नाही. त्यांच्या नावाचा इमारतसमूह उभा राहिला तो त्यांच्यामागे चाळीस वर्षांनी.

सात. जिमेई इमारतीत चिनी लेखक लू शुन यांचं स्मारक दालन आहे. 1926च्या सप्टेंबरपासून चारेक महिने ते इथे शिकवत होते. एकटेपणाने कंटाळले होते, पत्रांतून तक्रारी करत होते, पण लिहीतही होते. विद्यापीठाच्या बोधचिन्हातली अक्षरं त्यांच्याच हस्ताक्षरातून घेतलेली आहेत.

साडेआठ. ऑनलाइन बैठक, पलीकडे मलेशियातल्या संकुलातले सहकारी. ज्या मलायात रबराचा पैसा उभा राहिला, तिथे 2016 साली या विद्यापीठाने वर्ग सुरू केले. देणं परत करण्याची ही रीत मला फार आवडते.

साडेदहा. परतीची बस, खोली, उद्याचा तक्ता. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. उद्या ती सातच्या आसपास, आणि प्रात्यक्षिक आठलाच. ती गटावर संदेश टाकते: चाळण्या आजच धुऊन ठेवा, किनाऱ्यावरून थेट वर्गात जायचंय.