जठराचा लौकिक आणि लहान आतड्याचा कारभार

शिजविलेला भात एका तासात पचतो आणि भाजलेले डुकराचे मांस पचण्यास सव्वापाच तास लागतात, अशी नोंद अमेरिकन लष्करातील शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट याने १८३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडते. आणि पोटात गेलेल्या अन्नाचे पुढे काय होते याविषयी विद्वानांतही वाद चालत, त्या काळी ही नोंद प्रत्यक्ष पाहून, घड्याळ समोर ठेवून केलेली होती, यातच तिचे मोल आहे. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावरील एका दुकानात अगदी जवळून बंदूक उडाल्याने अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा फ्रेंच वंशाचा कॅनेडियन नावाडी जबर जखमी झाला. बोमाँटच्या शुश्रूषेने तो वाचला, पण डाव्या बरगड्यांखाली थेट जठरात उघडणारे छिद्र कायम राहिले. त्या वाटेने रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे आत सोडून ते ठरल्या वेळी बाहेर काढावेत, जठररस कुपीत घेऊन शरीराइतक्या उष्णतेत ठेवावा आणि त्यातही मांस विरघळते की नाही हे पाहावे, असा हा उद्योग बोमाँटने अनेक वर्षे चालविला व पचन ही रासायनिक क्रिया आहे हे निर्विवाद सिद्ध केले. १८३२ च्या करारनाम्याने सेंट मार्टिनला वर्षाकाठी १५० डॉलर मोबदला ठरला होता. उपाशीपोटी तासन्‌तास पडून राहण्याचे, पोटात नळ्या घालून घेण्याचे कष्ट पाहता तो मला फार तुटपुंजा वाटतो.

परंतु भाताचा तो एक तास ही पचनाची मुदत नव्हे, ती जठरातून निघून जाण्याची मुदत आहे. जठररसातील पेप्सिन प्रथिनांचे तुकडे करते. भातातील पिष्टावर त्याची मात्रा चालत नाही. पिष्ट फोडण्यास प्रारंभ होतो तो तोंडात, लाळेच्या योगाने, आणि जठरातील आम्लाशी गाठ पडताच लाळेचे हे कार्य थांबते. जठर भात घुसळून त्याची पेज करते आणि थोडी थोडी पुढे धाडते. पुढे लहान आतड्याच्या आरंभीच स्वादुपिंडाचा क्षारधर्मी रस आम्लाचे शमन करून पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ या तिन्हींवर एकदम अंमल सुरू करतो, आणि यकृतातून आलेले पित्त भातावरच्या तुपाचे सूक्ष्म कण करून ठेवते, ज्यावाचून तूप तर नाहीच, पण त्यात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही धडपणे शोषली जात नाहीत. आतड्याच्या अस्तरावर जेमतेम मिलिमीटरभर उंचीचे असंख्य अंकुर असतात. भाताची अखेरची फोड होऊन ग्लुकोज तयार होते ते ह्या अंकुरांवर, आणि तेथूनच ते रक्तात शिरते. वरणातील डाळीची प्रथिनेही अमिनो आम्ले होऊन याच वाटेने जातात. तांदळात लायसीन उणे, डाळीत मेथिओनीन उणे; एकाच ताटात दोन्ही आल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते, आणि वर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वाने डाळीतील लोह अधिक शोषले जाते. पाणीही मुख्यतः येथेच परत घेतले जाते: प्यालेले व पाचकरसांतून पाझरलेले मिळून दिवसाकाठी सुमारे ९ लिटर द्रव आतड्यात येतो, आणि मलावाटे बाहेर जातो तो पाव लिटरही नसतो.

लहान आतड्याचे हे श्रेष्ठत्व शस्त्रक्रियेनेच सिद्ध झाले. १८९७ मध्ये झुरिच येथे कार्ल श्लाटर याने एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढून अन्ननलिका सरळ आतड्यास जोडली, आणि ती त्यानंतर वर्षाहून अधिक काळ जेवत-खात जगली. उलट लहान आतडे समूळ काढावे लागले, तर शिरेवाटे पोषण दिल्यावाचून मनुष्य तगत नाही. तथापि एक कामगिरी खास जठराचीच आहे: ब-१२ जीवनसत्त्व आतड्यात शोषले जाण्यासाठी लागणारे एक प्रथिन जठराच्या अस्तरातूनच स्रवते. यकृतातील ब-१२ चा साठा काही वर्षे पुरत असल्याने जठर गमावलेल्या रुग्णास ही उणीव लगेच जाणवत नाही. तो साठा सरला की रक्तक्षय जडतो, आणि म्हणूनच अशा रुग्णांना ब-१२ ची इंजेक्शने जन्मभर चालू ठेवण्यास सांगतात.