स्वतःशी बोलताना दोन शब्द मायेचे



गॅसवरचं दूध उतू गेलं, की आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? "मी आहेच वेंधळी!" पोराला मार्क कमी पडले, की "माझंच लक्ष नव्हतं." बचत गटाचा हप्ता एखाद्या महिन्यात चुकला, की "मला काही जमतच नाही." हेच शेजारणीच्या बाबतीत झालं तर? तिला आपण म्हणतो, "अगं, होतं असं कधीकधी. आधी पाणी पी, मग बघू काय करायचं ते."

शेजारणीसाठी जी माया आपल्या ओठांवर असते, ती स्वतःच्या वाट्याला का येत नाही? आज आम्ही याच गोष्टीबद्दल बोलणार आहोत. ही माया जन्मतःच अंगी असावी लागते असं नाही. भाकरी थापायला शिकतो तशी तीही शिकता येते, रोज थोडी थोडी.

त्यासाठी दोन गोष्टी शिकायच्या. एक म्हणजे भान ठेवणं. त्याला हल्ली सजगता किंवा माइंडफुलनेस म्हणतात. दुसरी म्हणजे स्वतःशी मायेनं वागणं, म्हणजेच आत्मकरुणा.

आधी भानाचं बघू. आपले हात भांडी घासत असतात आणि मन मात्र कालच्या भांडणात, नाहीतर पोरांच्या फीच्या काळजीत. असं फक्त आपलंच होत नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना दिवसात अधूनमधून मोबाइलवर विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय? २०१० साली त्यांनी निष्कर्ष छापला. जवळपास ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतंच. आणि मन भटकत असताना माणसं कमी आनंदी होती.

भान ठेवायचं म्हणजे आत्ता शरीरात, मनात काय चाललंय ते बघायचं. ते चांगलं की वाईट, याचा निवाडा करायचा नाही. ध्यानाची ही परंपरा आपल्याकडे बुद्धाच्या काळापासूनची आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिचा वापर सुरू केला, तो जुन्या दुखण्यांनी आणि ताणानं त्रासलेल्या रुग्णांसाठी. त्यांचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असतो. आपल्या इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांची शिबिरं होतात. पण घरदार, गुरंढोरं सोडून दहा दिवस जाणं प्रत्येकीला कुठे जमतंय? म्हणून घरात करता येईल असं सांगतो.

पाय जमिनीला नीट टेकवून बसा. डोळे मिटा, किंवा नुसती नजर खाली ठेवा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच बघा. सोडताना जरा सावकाश सोडा. त्यानं छातीतली धडधड हळूहळू कमी होते. तीन-चार मिनिटं पुरेत. मन पळणारच. पिकात शिरलेल्या वासराला काठी न मारता आपण परत आणतो ना, तसंच मनालाही परत आणायचं. ते पळालं म्हणजे आपलं चुकलं असं नाही. पळालं हे आपल्या लक्षात आलं, हेच तर शिकायचं आहे. श्वासाकडे बघून कोणाला गुदमरल्यासारखं होत असेल, तर तिनं तळपायांकडे लक्ष द्यावं, किंवा चहाच्या कपाची ऊब हातांना जाणवू द्यावी.

याच्याच पुढची पायरी म्हणजे भावनेला नाव देणं. "मी रागीटच आहे" असं म्हणण्याऐवजी "मला आत्ता राग आलाय" असं म्हणून बघा. राग आला तसा जाईल. तो म्हणजे आपण नव्हे.

आता दुसरी गोष्ट, आत्मकरुणा. या विषयावर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली महत्त्वाची मांडणी केली. त्या तीन गोष्टी सांगतात. दुःखाचं भान ठेवणं, अशा दुःखात आपण एकट्या नाही हे जाणणं आणि स्वतःशी मायेनं बोलणं.

यातल्या मधल्या गोष्टीपाशी जरा थांबू या. "सगळ्यांचंच असतं, त्यात काय रडायचं?" हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. त्यानं आपलं तोंड बंद होतं. आम्ही म्हणतोय ते निराळं. माझ्यासारख्या आणखीही आहेत, म्हणून माझ्यात काही खोट नाही, असा तो धीर आहे. आपल्या आज्या-पणज्यांना तो जात्यावर मिळायचा. दोघी समोरासमोर बसून दळायच्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकराचं आजारपण, सगळं ओवीत यायचं. एक गायची, दुसरी ऐकायची, साथ द्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढाकार घेऊन गावोगावच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जातं गेलं, पण मन मोकळं करायची गरज काही गेलेली नाही.

कोणी म्हणेल, स्वतःचे असे लाड केले तर बाई आळशी नाही का होणार? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हेच तपासलं. २०१२ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना एक अवघड चाचणी दिली होती. "चाचणी कठीण होती, इतरांनाही जड गेली, स्वतःला दोष देऊ नका" असं ज्यांना सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःला झोडपून माणूस सुधारतो हा आपला समज तेवढा खरा नाही. धीर मिळाला, की चुकीकडे नीट बघता येतं.

मग प्रत्यक्षात करायचं काय? मन जड झालं, की छातीवर अलगद हात ठेवा आणि तीन वाक्यं म्हणा. "मला आत्ता त्रास होतोय." "असा त्रास होणारी मी एकटी नाही." "आत्ता मला कशाची गरज आहे?" उत्तर साधंच असेल. कधी पाच मिनिटं पाठ टेकायची असेल, कधी बहिणीला फोन करायचा असेल, कधी "आज मला हे जमणार नाही" असं सांगायचं असेल.

मैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. स्वतःशी माया म्हणजे घरातला मार किंवा अपमान शांतपणे सोसणं नव्हे. तिथे मदत मागणं हीच स्वतःवरची माया. महिला हेल्पलाइनचा नंबर आहे १८१. आणि दोन आठवडे उलटूनही मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर श्वासाच्या व्यायामावर थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या नंबरवर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. ताप आला की डॉक्टरकडे जातो, तसंच हे. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

या आठवड्यासाठी एकच काम देतो. दिवसातली एक वेळ ठरवा, चहा उकळतानाची किंवा गाईची धार काढतानाची. तेवढा वेळ मन तिथेच ठेवून बघा आणि स्वतःला कोणते शब्द लावतो, तेही ऐका. गटाच्या बैठकीत त्याबद्दल एकमेकींशी बोला. एकीनं सांगायला सुरुवात केली, की दुसरीला आपलं सांगायचा धीर येतो.