थोडे भांडवल आणि कल्पकता : पालघर-तारापूर भागातील काही अनुभव

शेती असो वा शेतीच्या जोडीने चालणारा उद्योग असो, कोणताही धंदा काढावयाचा म्हटला म्हणजे पहिला प्रश्न भांडवलाचा येतो. ‘हाती पैसा असता तर अमुक केले असते’ हे उद्गार गावोगाव ऐकू येतात आणि ते अगदीच निराधार असतात असे नाही. तथापि पालघर, बोईसर व तारापूर या टापूतील जुन्या-नव्या व्यवसायांकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. पैशाची टंचाई काही ठिकाणी माणसाला नवी युक्ती शोधावयास लावते, तर काही ठिकाणी ती युक्ती सुचण्याची शक्तीच हिरावून घेते. हा फरक कशामुळे पडतो, हे धंदा करणाऱ्याने आणि त्याला साहाय्य देणाऱ्याने नीट समजून घेतले पाहिजे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात पश्चिमेस समुद्र, मध्ये रेल्वेची पट्टी आणि पूर्वेस जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज निघू लागली आणि बोईसरलगत मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. कोट्यवधींचे भांडवल आणि दोन-चार हजारांचे भांडवल येथे एकमेकांच्या शेजारी नांदते.

प्रथम किनाऱ्यावरील बोंबलाचा धंदा पाहू. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा ओढा फार जोराचा असतो. ही गोष्ट नाव वल्हवणाऱ्याला त्रासाची. परंतु येथील मच्छिमारांनी तिलाच कामाला जुंपले. डोल हे नरसाळ्याच्या आकाराचे मोठे जाळे समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधून त्याचे तोंड प्रवाहाकडे करतात. मासळीच्या मागे नाव धावत नाही. पाणीच मासळी जाळ्यात आणून सोडते. जाळे आणि खुंट यांना खर्च येतो व त्यांची देखभालही कष्टाची असते. परंतु जाळे ओढण्यासाठी जी शक्ती लागली असती, ती उधाणाचे पाणी विनामूल्य पुरवते.

पुढची युक्ती याहूनही काटकसरीची आहे. बोंबलाच्या अंगात शेकडा सुमारे ९० भाग पाणी असल्यामुळे तो झपाट्याने नासतो. बर्फ, शीतगृह, वाहन यांपैकी काहीही जवळ नसताना हा माल टिकवावयाचा कसा? बांबू उभे करून त्यांवर दोऱ्या ताणावयाच्या, आणि एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून ती जोडी दोरीवर टाकावयाची. बांधावयास सुतळी नको, आकडा नको, मीठही नको. ऊन आणि समुद्रावरचा वारा काही दिवसांत माल वाळवून देतो. जमिनीपासून उंच असल्यामुळे त्यास वाळू लागत नाही. वाळूवर पसरलेल्या सुकटीपेक्षा असा स्वच्छ माल अधिक भावाने जातो, हे बाजारात बसणाऱ्या कोळीणींना कोणी शिकवावे लागत नाही.

मात्र हीच काटकसर पापलेटला लावू म्हटले तर चालणार नाही. सातपाटी हे बंदर पापलेटसाठी प्रसिद्ध. पापलेटची सारी किंमत त्याच्या ताजेपणात असते. तो मुंबईच्या आणि त्यापलीकडच्या बाजारात पोचावयाचा तर पकडल्या क्षणापासून बर्फ पाहिजे, लांबवर जाणारी यांत्रिक नौका पाहिजे, डिझेल पाहिजे. येथे बुद्धी पैशाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून सातपाटीच्या मच्छिमारांनी आपल्या सहकारी संस्था उभारल्या आणि एकट्याला न पेलणारा खर्च अनेकांनी मिळून उचलला. तेव्हा आपला माल बोंबलाच्या जातीचा आहे की पापलेटच्या, हे धंदा करणाऱ्याने आधी ठरवावे. बर्फावरचा खर्च वाचवून पापलेट विकू पाहणाऱ्याला कल्पक म्हणता येणार नाही.

किनारा सोडून खाचरांकडे वळले तरी हाच विचार लागू पडतो. भात निघाल्यावर खाचरात जो ओलावा उरतो तो पाटाच्या पाण्याविना एक पीक देण्यास पुरतो, हे कोकणच्या शेतकऱ्याने फार पूर्वी ओळखले. त्या ओलीवर तो वाल पेरतो. वालाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरून ठेवतात, त्यामुळे पुढच्या भातालाही त्याचा लाभ होतो. विहीर नाही म्हणून सुचलेली ही सोय खताचा खर्चही थोडा कमी करते.

अलीकडे अडचण निराळी आहे. कारखान्यांत रोजगार मिळू लागल्याने लावणीच्या दिवसांत मजूर मिळणे कठीण झाले आणि मिळालेच तर त्यांची मजुरी लहान खातेदाराला परवडत नाही. या प्रश्नाला एक उत्तर रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील नेरळ येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी काढले. ‘सगुणा भात तंत्र’ या नावाने ते ओळखले जाते. यात गादीवाफे एकदाच करावयाचे. लोखंडी साच्याने ठराविक अंतरावर भोके पाडून त्यांत थेट बी टोकावयाचे. चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू द्यावयाची आणि त्याच वाफ्यांवर पुढले पीक घ्यावयाचे. अर्थात चिखलणी टळल्यामुळे तण वाढते व तणनाशकासाठी रोख पैसा वेळेवर लागतो, हे सांगितल्यावाचून या पद्धतीची शिफारस करणे बरोबर होणार नाही. ज्याला ती करून पाहावयाची आहे त्याने पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांवर करावी आणि खर्चाची नोंद लावणीच्या भाताशेजारी लिहून ठेवावी.

येथवरच्या उदाहरणांत पैसा थोडा होता, पण पिकाचा आणि श्रमाचा मालक धंदा करणारा स्वतः होता. ही अट सुटली म्हणजे काय होते, हे याच भागाच्या इतिहासात स्पष्टपणे लिहिलेले आहे. वारली शेतमजूर पावसाळ्यात पोटासाठी खावटीचे धान्य कर्जाऊ घेई आणि सुगीला ते वाढीदिढीने फेडी. लग्नासाठी कर्ज काढले तर तो सावकाराचा ‘लग्नगडी’ होई आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबून ते कर्ज फेडीत राही. पुष्कळदा बायकोलाही राबावे लागे. मातीची, गवताची, जंगलातील झाडापाल्याची या लोकांची जाण कोणाहून कमी नव्हती. परंतु नवी रीत करून पाहावयाची तर एखादा हंगाम फसण्याची तयारी हवी. ज्याचे पुढील वर्षाचे श्रम आधीच गहाण पडलेले आहेत, त्याने कोणत्या बळावर प्रयोग करावा?

१९४५ साली डहाणू व उंबरगाव तालुक्यांत शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ आणि लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध चळवळ उभारली. गवत कापणाऱ्यांनी ५०० पौंडांमागे अडीच रुपये मजुरी मागितली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जमावावर गोळीबार होऊन माणसे दगावली. मुंबईच्या गवताच्या बाजाराला माल पुरवणारा हा धंदा भांडवलाच्या दृष्टीने अगदी हलका. एक विळा आणि दोन हात पुरत. तरीही कापणाऱ्याला त्यातून पुढे सरकता येत नव्हते, कारण भाव दुसराच ठरवी. पुढे १९४७ पासून मुंबई सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना तोडीचे कूप देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा जंगलातील श्रमाचा मोबदला ठरविण्यात श्रमिकाचा थोडाफार हात लागला.

कर्ज घेऊच नये, असा याचा अर्थ कोणी करू नये. पैसा किती दिला यापेक्षा तो केव्हा आणि कोणत्या अटीवर दिला, यावर बरेच अवलंबून असते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातेतील वांसदा येथे ‘वाडी’ची योजना सुरू केली व पुढे ती जव्हारच्या बाजूसही आली. कुटुंबाला सुमारे एक एकर वरकस जमिनीवर आंबा व काजू लावावयाचा, ओळींच्या मधून नेहमीची पिके घ्यावयाची आणि सभोवार जिवंत कुंपण करावयाचे. झाडे फळास येईपर्यंतची वर्षे कठीण. ती निभावण्यापुरते साहाय्य कामाच्या टप्प्याटप्प्याने द्यावयाचे, आणि वाडी त्या कुटुंबाच्याच मालकीची राहावयाची. वरकस जमिनीवर उन्हाळ्यात रोपे जगविण्यासाठी पाणी दुरून डोक्यावर आणावे लागते. अशा जागी रोपाच्या बुंध्याशी मातीचे मडके पुरून ते भरून ठेवण्याची रीत फार उपयोगी पडते. पाणी पाझरून थेट मुळांशी जाते आणि उन्हाने उडत नाही.

थोड्या पैशाने आरंभ करू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंस मोगऱ्याचाही विचार करण्यासारखा आहे. विक्रमगड-जव्हारकडे त्याची लागवड बरीच होते. छाट कलमे शेजाऱ्याच्या बागेतून मिळू शकतात, जागा थोडी लागते आणि हंगामात रोजच्या रोज पैसा हाती येतो. परंतु कळ्या उमलण्यापूर्वी, पहाटेच खुडाव्या लागतात व दादरच्या फुलबाजारात वेळेवर पोचवाव्या लागतात. घरात खुडणारे हात किती आणि स्थानकापर्यंत माल नेण्याची सोय कोणती, हे आधी पाहून मगच किती झाडे लावावयाची ते ठरवावे. पहिल्या वर्षी शंभर झाडे पुष्कळ झाली. सणासुदीला आणि लग्नसराईत भाव चढतो व एरवी कोसळतो, म्हणून उरलेल्या कळ्यांचे गजरे करून ते बोईसर-पालघरच्या बाजारात विकण्याची तजवीज ज्या घरात असेल, त्या घराला पडत्या भावाची झळ कमी लागते.